खिडकी नसलेली भिंत

१४ जानेवारी

थोरल्या जाऊबाईंस,

नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही कपाळाला हात लावाल. आपल्या दोन दारांमध्ये चाळीस पावलं आहेत आणि मी टपालाने पत्र पाठवते आहे. पण घराची वाटणी झाली त्या दिवशी आपण दोघींनी अबोला धरला आणि एकोणीस वर्षं तो नेटाने पाळला. आधी तुमचे हे गेले, मग माझे. दोन्ही वेळा आपण एकमेकींच्या दारात मुक्याने उभ्या राहिलो आणि मुक्याने परत फिरलो. तो अबोला मी मोडत नाही. लिहिण्याबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं.

काम असं आहे. माझ्या परसातली लाकडी शेड एका अंगाला कलली आहे. ३१ ऑगस्टच्या आत ती उतरवा, अशी नगरपालिकेची नोटीस आली आहे. त्या शेडच्या छपरात वटवाघळं राहतात. फळं खाणारी मोठी नव्हेत. अंगठ्याएवढ्या अंगाची, डास आणि किडे खाणारी. दर वसंतात माद्या येतात, छपरातच पिल्लं घालतात आणि थंडीच्या आत निघून जातात. गेल्या जूनमध्ये मी सात संध्याकाळी बसून मोजली. एकशे त्रेचाळीस. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. छप्पर गेलं आणि जवळपास दुसरी जागा मिळाली नाही, तर ही वसाहत संपली.

त्यांच्यासाठी लाकडी पेटी करून घेता येते. गेल्या वर्षी मी एक लहान पेटी माझ्या तुतीच्या झाडाला बांधून पाहिली. दिवसभर सावली, समोर फांद्यांचा गुंता, आणि मांजर खोडावरून थेट पेटीपर्यंत. एकही आलं नाही. पेटी हवी भिंतीवर, पाच मीटर उंच, सकाळचं ऊन निदान सहा तास मिळेल अशी. पेटीखाली मोकळी जागा हवी, कारण ती आधी खाली झेप टाकतात आणि मग पंख पसरतात. जवळ दिवा नको. आणि खाली खिडकी किंवा दार नको, कारण लेंड्या पडतात.

अशी भिंत आपल्या सगळ्या आवारात एकच आहे. तुमच्या माडीची पूर्वेची भिंत, माझ्या परसाकडे तोंड करून उभी असलेली. चार स्क्रू मारायची परवानगी द्यावी.

धाकटी


१८ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं, पाठचा पत्ता वाचला आणि विचारलं, "बाई, पलीकडच्या दारातून इकडे यायला हिला तिकीट लागतं का?" मी म्हटलं, लागतं. मीही तिकीट लावूनच उत्तर देते आहे. कुणाचं देणं ठेवायची मला सवय नाही.

वटवाघळांबद्दल माझा काही राग नाही. तीस वर्षं मी कामगारांच्या सभांमधून हेच सांगत आले की, राहत्या जागेतून कुणालाही हुसकावून लावण्याचा हक्क कागदाच्या एका कपट्याला नसतो. नोटिशीपुढे मान तुकवणारी तू एकटीच नाहीस. सगळं जग तेच करतं, आणि म्हणून जगाची ही अवस्था आहे.

पण तू माझ्याकडे मागतेस काय? भिंत! त्याच भिंतीवर माझ्या वाचायच्या खोलीची खिडकी होती, हे तू विसरलीस? पहाटेपासून दुपारपर्यंत ऊन त्या खिडकीतून माझ्या टेबलावर सांडायचं. वाटणीच्या वेळी नकाशा कोणी काढला? तू. नकाशे काढणं तुझी नोकरी, म्हणून दोघा भावांनी विश्वासाने तुझ्या हातात कागद दिला. आणि तू त्यावर अट लिहिलीस की, एकाची खिडकी दुसऱ्याच्या अंगणाकडे असू नये. एक रेघ, एक ओळ, आणि तिसऱ्या दिवशी गवंड्याने माझी खिडकी विटा लावून बुजवली. बंदिस्त भिंतीचं कौतुक आज मला सांगतेस! ती बंदिस्त केली कोणी?

आता ऐक. १ मार्चला गवंडी येणार आहे. ती खिडकी मी पुन्हा फोडणार. कराराचं काय करायचं ते कर. मला वारा हवा आहे.

थोरली


२२ जानेवारी

जाऊबाई,

ती अट मीच घातली. दोघा भावांनी सांगितली नव्हती. मला ती खिडकी नको होती.

कारण सांगते. तुम्ही रोज सकाळी सहा वाजता त्या खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचायचात. मोठ्याने. अग्रलेख वाचून झाला की त्याला उत्तर द्यायचात, तेही मोठ्याने. खिडकीखालीच आमची झोपायची खोली होती. हे रात्रपाळी करून पाच वाजता अंथरुणाला पाठ टेकायचे. मी चार वेळा येऊन सांगितलं. चारही वेळा तुम्ही मला आत बसवलंत आणि उरलेला अग्रलेख ऐकवलात.

मी तोंडाने भांडू शकले नाही, म्हणून पेन्सिलीने भांडले. हे तेव्हा सांगायला हवं होतं. आज सांगते आहे.

खिडकी खुशाल उघडा. कराराचं मी काहीही करणार नाही. पण पेटीची अडचण आहे ती आहेच. भिंतीच्या उजव्या अर्ध्या भागावर, म्हणजे जिथे तुमची खिडकी होती तिथे, गेल्या जुलैत मी दर तासाला ऊन टिपलं होतं. सहा तास चाळीस मिनिटं भरलं. डाव्या अर्ध्या भागावर माझ्या तुतीची सावली पडते; जेमतेम दोन तास. म्हणजे पेटीला जागा उजवीकडेच, आणि तिथे खिडकी आली तर पेटी नाही.

खिडकी एक वर्ष लांबवता येईल का? वाऱ्यासाठी दुसऱ्या बाजूला तुमच्या दोन खिडक्या आहेत.

धाकटी


२६ जानेवारी

धाकटे,

चार वेळा सांगितलंस म्हणतेस. मला एकच वेळ आठवते, आणि तेव्हा तू "जरा हळू वाचता का" एवढंच म्हणाली होतीस. भावोजी झोपलेत हे म्हणाली असतीस तर मी काय राक्षसीण होते? की म्हणाली होतीस, आणि मी ऐकलं नाही? दोन दिवस याच विचारात आहे. हजारोंच्या सभेत मागच्या रांगेतलं कोण कुजबुजतंय हे मला ऐकू यायचं. खिडकीखालचं माणूस मात्र ऐकू आलं नाही.

बरं, हे कबूल केल्यावर मी विरघळेन असं समजू नकोस. खिडकी १ मार्चलाच. लांबवायला जमणार नाही. का, ते विचारू नकोस.

तुझ्या एकशे त्रेचाळिसांसाठी दुसरी भिंत शोध. खांब रोव. तू नकाशेवाली आहेस, काढ काहीतरी.

थोरली


२ फेब्रुवारी

जाऊबाई,

खांबाचा विचार केला. परस लहान आहे. कुठेही रोवला तरी तुतीच्या फांद्या सहा मीटरच्या आत येतात, आणि पेटीभोवती फांद्यांपासून तेवढं तरी मोकळं लागतं.

का ते विचारू नको म्हणालात, पण विचारते. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवरच्या रेघा तपासल्या आहेत, त्यामुळे नजर जाते. तुमच्या पहिल्या पत्रात पानाला वीस ओळी होत्या, दुसऱ्यात चौदा. अक्षर मोठं होत चाललं आहे. प्रत्येक ओळ उजवीकडे उतरते. "राक्षसीण" शब्दावर तुम्ही दुसरी ओळ लिहिली आहे, तुमच्या लक्षात आलं नाही.

तुम्हाला दिसत नाहीये का? वारा नको आहे तुम्हाला. ऊन हवं आहे. कागदावर पडणारं.

खरं असेल तर तसं लिहा, मी पेटीचं नाव काढणार नाही.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र जाड पेनाने लिहिते आहे, म्हणजे तुला ओळी मोजायला सोपं जाईल.

खरं आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यात सुरू झाला आहे. दिव्याच्या उजेडात अक्षरांभोवती धुकं दिसतं. उघड्या उन्हात मात्र अजून वाचता येतं. ऑपरेशनची तारीख ऑगस्टची मिळाली आहे. तोवर सहा महिने न वाचता काढायचे म्हणजे मला तोंड बांधून सभेत बसवण्यासारखं आहे. कुणाला सांगितलं नव्हतं. जिचा आवाज ऐकून लोक उठून उभे राहायचे, तिला आता वर्तमानपत्राचं नावसुद्धा नाकाशी धरून वाचावं लागतं, हे लोकांनी हळहळत बोलावं हे मला सोसलं नसतं. तुझंही तेच. तुला सगळ्यांत जास्त कळू द्यायचं नव्हतं.

पण आता कळलंच आहे, तर ऐक. रात्रभर विचार केला. माझे सहा महिने आणि तुझ्या त्या एकशे त्रेचाळीस जिवांचं सगळं. मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितलं की, ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांची बाजू आधी. घरात खिडकीवर वेळ आल्यावर ते वाक्य गिळायचं? नाही.

गवंड्याला नको म्हणून सांगते. पेटी लाव. अगदी मधोमध लाव.

थोरली


९ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचं उत्तर आलं नाही. आलं नाही म्हणजे माझा अंदाज बरोबर आहे असं धरते.

म्हणून आज सकाळी माणूस बोलावून तुतीचं झाड उतरवलं. बुंधा कमरेएवढा ठेवला आहे. आता भिंतीच्या डाव्या भागावरही ऊन येतं. आज पानगळीचा महिना असल्यामुळे आकडा फसवा आहे, पण सावल्यांचे कोन काढून पाहिले. जूनमध्ये सहा तास दहा मिनिटं भरेल. पुरेसं आहे.

पेटी डावीकडे, तुमच्या खिडकीपासून तीन मीटर बाजूला. दोन्ही बसतात.

खिडकी १ मार्चलाच फोडून घ्या. हातोड्याची कामं माद्या यायच्या आत संपायला हवीत.

धाकटी


१३ फेब्रुवारी

अगं बये,

दोन पत्रं एकाच दिवशी टपालपेटीत पडली आणि वाटेत एकमेकांना चुकवून गेली! पोस्टमन म्हणाला, "तुम्ही दोघी बोललात तर माझे पाय वाचतील." मी म्हटलं, आमच्या घरातल्या झाडाचा पाय गेलाय, तुझ्या पायांचं काय घेऊन बसलास.

ती तुती भावोजींनी लावली होती ना? वाटणीच्याच वर्षी? मी इकडून पाहायची, ते रोज बादलीने पाणी घालायचे. तू ती कापलीस. माझ्या वर्तमानपत्रासाठी.

यावर मी भाषण करणार नाही. तेव्हा कामाचं लिहिते. गवंड्याला परत बोलावलं आहे. तुझी पेटी करणारा सुतार कोण? नीट करून घे. मी पैलवानासारखी बोलते खरी, पण मला या विषयात काही कळत नाही. काय-काय लागतं ते लिही. निदान ऐकायला शिकते.

थोरली


२० फेब्रुवारी

जाऊबाई,

तुती पुन्हा फुटते. बुंधा जिवंत आहे. त्याचं मनावर घेऊ नका.

सुतार चांगला आहे, हीच पंचाईत झाली. पेटी घेऊन आला तेव्हा आतल्या फळ्या त्याने रंधा मारून आरशासारख्या गुळगुळीत करून आणल्या होत्या. म्हणाला, "बाई, आत हात फिरवून बघा." मी म्हटलं, हात नाही फिरवायचा, नखं रोवायची आहेत. वटवाघळं उलटी लटकतात, त्यांना खडबडीत लागतं. बिचाऱ्याने मान खाली घालून प्रत्येक फळीवर करवतीने आडव्या खाचा पाडल्या. त्याचा चेहरा असा होता, जणू मी त्याला चोरी करायला लावते आहे.

पेटीत चार फळ्या उभ्या, दोन-दोन सेंटीमीटरच्या फटीने. तळ नाही, खालून उघडी. आत रंग नाही, वास नाही. बाहेरून गडद तपकिरी, म्हणजे ऊन धरून ठेवेल. दीडशे जणी मावतील.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

काल एकोणीस वर्षांनी तू माझ्याशी पहिला शब्द बोललीस. तो शब्द होता "सरका!"

शिडीवरचा माणूस पेटी उचलत होता, मी खालून त्याला चार गोष्टी सांगत होते, आणि त्याच्या हातातला पाना सुटला. मी सरकले नसते तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची गरज उरली नसती. मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. एवढा जुना अबोला एका "सरका"वर मोडू नये असं मला वाटतं. त्याला काहीतरी मान असावा. तेव्हा सध्या पत्रंच चालू ठेवू. शिवाय बोलण्यात मी तुला बोलूच देणार नाही, आणि पत्रात तू माझ्या ओळी मोजतेस. हे जास्त न्यायाचं आहे.

खिडकी छान झाली. सकाळी वाचते. मनात वाचते.

पेटी कधी भरणार?

थोरली


३० जून

जाऊबाई,

हिशेब कळवते. माद्या २२ एप्रिलला आल्या. सगळ्या शेडच्या छपरातच. आठवड्यातून दोन संध्याकाळी मोजते. शेडमधून बाहेर पडणाऱ्या: एकशे एकेचाळीस, एकशे त्रेचाळीस, एकशे चाळीस. पेटीतून: शून्य, शून्य, शून्य.

पिल्लं झाली आहेत. पहिल्या महिन्यात ती उडत नाहीत. ऑगस्टच्या मध्यापर्यंत छपराला हात लावता येणार नाही, आणि ३१ तारखेला ते उतरवायचं आहे. मधले पंधरा दिवस आपले. तोवर निदान काही जणींनी तरी पेटी ओळखीची करून घ्यायला हवी. कधी-कधी त्यांना नवी जागा पटायला दोन-दोन वर्षं लागतात. आपल्याकडे दोन महिने आहेत.

जागेत, उंचीत, उन्हात चूक सापडत नाही. पुन्हा-पुन्हा तपासते आहे.

धाकटी


८ जुलै

धाकटे,

धीर सोडू नकोस. मी अशा सभा घेतल्या आहेत जिथे समोर सात खुर्च्या आणि एक कुत्रा होता. त्याच गावात दोन वर्षांनी मैदान पुरलं नाही. नव्या विचाराकडे माणसं एकदम येत नाहीत, वटवाघळं कशी येतील?

आणि मी काही हात बांधून बसलेली नाही. तुला सांगणार नव्हते, यश आलं की सांगायचं ठरवलं होतं. पण तुझं रडवेलं पत्र वाचून सांगते. माद्या आल्याचं मला एप्रिलमध्येच तुझ्या परसातल्या फडफडीवरून कळलं. त्या दिवसापासून दर संध्याकाळी, त्या बाहेर पडायच्या वेळेला, मी माझ्या खिडकीत मोठा दिवा लावते आणि त्याचं तोंड बरोब्बर पेटीकडे वळवते. चांगला दोन तास. अंधारात नवी जागा दिसणार कशी बिचाऱ्यांना? दाखवायला नको? अडाणीपणावर मला आजवर एकच औषध ठाऊक आहे: उजेड!

आज नाही तर उद्या येतील. बघच तू.

थोरली


११ जुलै

जाऊबाई,

दिवा विझवा. हे पत्र मिळताक्षणी विझवा. हे पत्र टपालात न घालता मी स्वतः तुमच्या दाराच्या फटीतून सरकवते आहे, कारण तीन संध्याकाळी वाया घालवायला वेळ नाही.

उजेड पडलेल्या जागी ती जात नाहीत. घुबड आणि मांजर यांना दिसू नये म्हणूनच ती अंधाराची वाट पाहतात. ज्या भिंतीवर दिवा, ती भिंत त्यांच्यासाठी नाहीच.

चूक माझीही आहे, तुमच्याहून मोठी. मी तो दिवा रोज पाहत होते. एप्रिलपासून. पहिल्याच संध्याकाळी मला कळलं होतं की हा असेल तर पेटी रिकामी राहणार. पण मला वाटलं, तुम्ही वाचता आहात. दिवसाचं ऊन पुरत नाही म्हणून संध्याकाळी, धुक्यातून का होईना, दिवा जवळ ओढून बसता. एकदा मी तुमची खिडकी घेतली होती. आता तुमचा दिवा मागायचा मला धीर झाला नाही. म्हणून "चूक सापडत नाही" असं तुम्हाला लिहिलं. सापडली होती. अडीच महिने रोज डोळ्यांसमोर होती.

धाकटी


१५ जुलै

धाकटे,

विझवला. त्याच संध्याकाळी. दिवा माळ्यावर टाकला आणि वर गोधडी घातली.

तीन दिवस मला स्वतःचा इतका राग आला होता की जेवण गेलं नाही. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, या वेळी तुझा. अगं, अडीच महिने! "जाऊबाई, दिवा कशाला?" हे तीन शब्द विचारायला तुला काय झालं होतं? मी सांगितलं असतं! पण माझ्यापुढे माणसं विचारत नाहीत, सोसतात. ही सवय लोकांना मीच लावली. मी भाषणं करत गेले आणि समोरची माणसं गप्प राहायला शिकली. मला वाटायचं पटलं म्हणून गप्प आहेत.

आता दर संध्याकाळी खिडकीत अंधारात बसते. काही दिसत नाही. फडफड ऐकू येते. काल पेटीच्या बाजूला काहीतरी खरखरलं, नखांसारखं. पण माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस, तू मोज.

१८ ऑगस्टला मला दवाखान्यात भरती व्हायचं आहे. दोन्ही डोळे, एकामागून एक. तीन आठवडे. माझी भाची सोबत येणार आहे. तिकडचा पत्ता मागे लिहिला आहे. शेडचं काय होतं ते कळव. डोळ्यांवर पट्टी आहे म्हणून गोड आकडे सांगू नकोस. वाईट असेल तर वाईट लिही. मला खरं हवं.

थोरली


२६ ऑगस्ट

जाऊबाई,

हे पत्र भाची वाचून दाखवेल. तिला सांगा, सावकाश वाच. आकडे दोनदा वाच.

तुम्ही ऐकलेली खरखर खरी होती. १६ जुलैला पेटीतून दोन बाहेर पडल्या. महिनाअखेर अकरा. तुम्ही गेलात त्या दिवशी एकोणीस. बाकी सगळ्या शेडमध्येच. पिल्लं उडायला लागली आहेत, त्यामुळे मध्यंतरी बाहेर पडणाऱ्यांचा एकूण आकडा दोनशे साठच्या वर गेला होता. त्यांतली बरीचशी पिल्लं गेल्या आठवड्यात आपापल्या वाटेने निघून गेली. रविवारी, २३ तारखेला, शेड आणि पेटी मिळून एकशे अडतीस होती.

सोमवारी दुपारी शेडच्या छपराखालच्या फटीवर मी जाळी बांधली. वरून आणि दोन्ही बाजूंनी बंद, खालून सुटी. आतून निघणारी जाळीखालून घसरून बाहेर पडते, पण परत आत शिरता येत नाही. संध्याकाळी सगळी नेहमीसारखी बाहेर पडली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसून मोजत होते आणि मला कुणाच्या तरी दारात नोटीस चिकटवणाऱ्या माणसासारखं वाटत होतं.

मला झोप लागली नाही. पहाटे चारला उठले. तुमच्या घराची किल्ली भाचीने माझ्याकडे दिली आहे, म्हणून न विचारता तुमच्या माडीवर गेले आणि तुमच्या खिडकीत बसले. शेड आणि पेटी दोन्ही एकदम तिथूनच दिसतात.

साडेपाचला त्या परतायला लागल्या. सवयीने थेट छपराच्या फटीकडे. जाळीला अंग लागलं की मागे फिरायच्या, चक्कर मारून पुन्हा यायच्या. पाच मिनिटांत शेडवर सगळ्यांचं एक भिरभिरणारं वर्तुळ झालं. आवाज नाही, नुसती हवा हलत होती. उजाडायला अर्धा तास होता. उजाडल्यावर ससाणे निघतात. मी मोजणं सोडून दिलं होतं. हात जोडून बसले होते, कुणाला ते ठाऊक नाही.

मग पेटीत राहणाऱ्या एकोणीस आल्या. त्या शेडकडे गेल्याच नाहीत. भिंतीपुढून खालून वर झेपावल्या, पेटीच्या तळाला चिकटल्या आणि एकेक करून आत सरकल्या. वर्तुळातून एक सुटली. त्यांच्या मागे आली, चिकटली, पडली, पुन्हा आली, आत गेली. मग दोन. मग मला मोजायचं भान आलं.

तुम्ही खरं सांग म्हणालात, म्हणून सांगते. उजाडलं तेव्हा पेटीत एकशे सहा होत्या. बत्तीस कुठे गेल्या मला माहीत नाही. मी शेडच्या आत शिडी लावून पाहिलं. तिथे एकही नव्हती. ३१ला माणसं आली तर येऊ देत, छपराखाली आता कुणी नाही.

आज पहाटे पुन्हा बसले. पुन्हा मोजलं, शेवटची आत जाईपर्यंत. एकशे सतरा.

उद्याही बसणार आहे. तुमची खुर्ची थोडी उंच आहे, मी तिच्यावर उशी घेतली नाही. पाय लोंबकळतात, चालतं. डॉक्टरांनी पट्टी काढली की कळवा. स्टेशनवर मी येईन. भाचीला सांगा, तुमचं सामान तिने घ्यावं. तुम्ही माझा हात धरा, आणि वाटेत जे बोलायचं ते बोला. मी मध्ये बोलणार आहे.

धाकटी